खलनायकाची सोयरीक

माझा चेहरा वाईट माणसाचा आहे, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

तोवर मी देगलूरच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारा साधा विरूपाक्षअप्पा होतो. गिऱ्हाइकानं पोचे पाडून पातेलं परत आणलं, तरी पोचे कुणी पाडले हे विचारायची माझी हिंमत होत नसे. सिंधु, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तुमच्याऐवजी गल्ल्यावर पुतळा बसवला तर बरं. त्याच्याशी लोक घासाघीस तरी करणार न्हाईत."

आमच्या दुकानासमोर शिवमचा फोटो स्टुडिओ आहे. पोरगं लग्नाचे व्हिडिओ काढतं आणि उरलेल्या वेळात यूट्यूबवर मालिका करतं. गावरान मालिका, त्यात प्रेम, मारामारी, भूत, आईची माया, सगळं एकत्र. एका दुपारी तो शूटिंगसाठी पितळी तांब्या न्यायला आला आणि तांब्याकडं न बघता माझ्याकडंच बघत उभा राहिला.

"अप्पा, जरा डावीकडं बघा. आता भुवई वर करा. एकच."

मी केली. मला वाटलं, हिरोच्या बापाचं काम देणार. ते काम मला येण्यासारखं होतं. हिरोचा बाप इमानदार असतो, अंगावर शाल असते, खोकला असतो, आणि मध्यंतराच्या आत मरून तो भिंतीवर हारासकट लटकतो. मी तिथल्या तिथं थोडा खोकूनही दाखवला.

"खोकू नका अप्पा," शिवम म्हणाला. "बाप कुणीबी होतंय. व्हिलन मिळंना झालाय. तुमचा चेहरा रेडीमेड हाय."

घरी जाऊन मी आरशासमोर उभा राहिलो. जाड भुवया, झुबकेदार मिशा, एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा बारीक. माझी आई या चेहऱ्याला रुबाबदार म्हणायची. आईनं आयुष्यभर माझी फसवणूक केली असं मी म्हणणार नाही. पण तिनं जरा नीट बघायला हवं होतं.

खलनायक होण्याचे नियम शिवमला तोंडपाठ होते. कपडे पांढरे पाहिजेत, चष्मा काळा, हातात अडकित्ता. जीपमधून उतरताना आधी पायताण दिसलं पाहिजे, मग हात, आणि तोंड सगळ्यात शेवटी. मागं काठ्या घेतलेले दोघं हवेत, त्यांनी बोलायचं नाही आणि हिरोवर एकदम धावूनही जायचं नाही. एकानं मार खाईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. बोलायचं हळू. आणि बोलून झालं की हसायचं.

बाकी सगळं जमलं. हसणं जमेना. मी हसतो तेव्हा नाकातून 'खिक' असा आवाज येतो, लग्नात कुणी पडलं की येतो तसा. सराव करायला मी दुकानामागच्या गोदामात जायला लागलो. तिथं लग्नाच्या जेवणावळीचे मोठे हंडे होते. एका हंड्यात डोकं घालून हसलो तर आवाज असा घुमला, की माझा मलाच घाम फुटला. बाहेर एक बाई कळशी बघत उभी होती. ती कळशी तिथंच ठेवून निघून गेली. सिंधु धावत आली, तर तिला गोदामात फक्त माझे पाय आणि वर हंडा दिसला.

"अहो, श्वास कोंडून मराल!"

"सिंधु," हंड्यातूनच मी हळू आवाजात म्हणालो, "ह्या गावात माझ्या मर्जीशिवाय पान हलत न्हाई."

ती म्हणाली, "जेवायला चला."

मालिका चालली. लोक मला नागोराव म्हणायला लागले. मालिकेतल्या दुष्ट सरपंचाचं ते नाव. मी भागामागून भाग जमिनी बळकावल्या, विहिरीत मुरूम टाकला, नायिकेच्या मामाला लिंबू सरबतातून विष दिलं. रस्त्यानं जाताना लेकरं आईच्या पदराआड लपायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. एक टेम्पोवाला वर्षानुवर्षं माझ्या दुकानासमोर टेम्पो उभा करायचा. एके दिवशी मी काळा चष्मा लावून त्याच्याकडं नुसतं बघितलं. "चुकलं अप्पा," म्हणत त्यानं टेम्पो पार चौकात नेला. त्या आनंदात मी घरी जिलबी नेली. सिंधु विचारत राहिली की जिलबी कशाची, आणि 'टेम्पो हलला' हे कारण मला काही केल्या तोंडातून काढवेना.

आता मुद्द्यावर येतो. आमचा मुलगा महालिंग नांदेडला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. उदगीरला एका नात्यातल्या लग्नात त्याची पुनमशी ओळख झाली. पुनम लातूरची, तिथल्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते. दोघं एकमेकांना आवडले, जातपात, नातं, सगळं जुळलं. ती मंडळी आमचं घर बघायला यायची ठरली. पुनमचे वडील गुरुबसप्पा, तिची आई, आणि आजी धुरपताबाई. पुनम लहानाची मोठी आजीपाशीच झाली होती, त्यामुळं शेवटचा शब्द आजीचा.

सिंधु सकाळपासून सांगत होती, "रंगीत सदरा घाला." पण माझे चांगले कपडे म्हणजे पांढरेच. आमचं घर दुकानाच्या वर आहे, जिना उभा आहे. पाहुणे आले म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. धुरपताबाई कठड्याला धरून, मान खाली घालून एकेक पायरी चढत होत्या. त्यांना आधी माझी पायताणं दिसली. मग पांढरा पायजमा. मग मिशा.

"अगं बया!" त्या किंचाळल्या. "नागोराव!"

गुरुबसप्पांनी मागून धरलं म्हणून, नाहीतर म्हातारी थेट बाजारात गेली असती.

त्या आत येऊन बसल्या, पण भिंतीला पाठ लावून आणि दाराकडं तोंड करून. वातावरण हलकं करायला सिंधुनं सगळ्यांना थंडगार काहीतरी आणून दिलं. ते लिंबू सरबत आहे हे माझ्या ध्यानात यायच्या आत धुरपताबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी ग्लास वासाला धरला, माझ्याकडं बघितलं, आणि गुरुबसप्पांच्या हातातला ग्लासही काढून घेतला.

गुरुबसप्पा बिचारे सज्जन. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी लातूरच्या पाण्यावर एक विनोद केला. मीही सोयरीक जमावी म्हणून मनापासून हसलो. पण सरावाचा परिणाम. 'खिक' आलं नाही, हंड्यातलंच आलं.

धुरपताबाई उठल्या. त्यांच्यामागं सगळेच उठले.

तिसऱ्या दिवशी गुरुबसप्पांचा फोन आला. "माफ करा, अव्वाचं मन न्हाई." कन्नडच्या वाऱ्यामुळं आमच्या भागात आईला, आजीला अव्वाच म्हणतात.

महालिंग रविवारी नांदेडहून आला. मला वाटलं, दाढी वाढवून येईल, दोन दिवस जेवणार नाही. तो नीट दाढी करून आला आणि तीन भाकरी खाल्ल्या.

"अप्पा, मी पळून जाणार न्हाई, पुनमबी येणार न्हाई," तो म्हणाला. "आजीच्या मनाविरुद्ध तिला करायचं न्हाई, आन् मला ते पटतं. तुम्हीच लातूरला जाऊन बोला. हे तुमच्यामुळं झालंय."

"मी तर नुसतं काम करून राहिलो रे. ॲक्टिंग."

"घरातबी करून राहिलाय," तो म्हणाला. "मागच्या खेपेला तुम्ही आईला हळू आवाजात म्हणालात, 'चहात साखर कमी हाय, सिंधु.' मलाच भीती वाटली."

मी सिंधुकडं बघितलं. ती भाकरी थापत राहिली. नाही म्हणाली नाही.

मी लातूरला गेलो. पांढरे कपडे नकोत म्हणून शिवमकडून फुलाफुलांचा शर्ट मागून घेतला. मिशा थोड्या कातरल्या. क्लासच्या पोरांच्या गर्दीतून वाट काढत गुरुबसप्पांच्या घरी पोचलो आणि दारातच हात जोडले. "शरणार्थ, अव्वा."

धुरपताबाईंनी चष्मा नाकावर चढवून मला वरून खालपर्यंत बघितलं.

"वेषांतर," त्या म्हणाल्या.

"न्हाई अव्वा, शर्ट उसना हाय."

"मध्यंतरानंतर व्हिलन असाच येतो. हात जोडून, फुलाफुलाचा शर्ट घालून. मला सुधारायचंय म्हणतो. शिनिमा मी आज बघून राहिले काय? जत्रंतल्या तंबूत बघत आलेय."

मी पेढे नेले होते. शंका नको म्हणून पुडा उघडून आधी एक मी खाल्ला.

"तेवढा एक चांगला ठिवला असंल," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. दाबलं, पण आलंच. त्यांना ते दिसलं. मग त्या एकदम वेगळ्या आवाजात बोलल्या.

"हसा. सगळेच हसतेत मला. म्हातारीला शिनिमा आन् खरं कळत न्हाई म्हणतेत. मला कळतं. तुम्ही भांडी इकता ते मला ठाऊक हाय. पर माझी धाकटी बहीण होती, गुणा. तिला बघायला तिचा सासरा आला तवा पांढरेशुभ्र कपडे होते त्याचे. बोलणं असं हळू, लोण्यासारखं. माझा बाप म्हणाला, देवमाणूस हाय. त्या देवमाणसानं तिला हयातभर रडवलं. चहात साखर कमी पडली तरी हात उचलायचा. मग आम्ही दोघी माहेरी आलो की जत्रंत शिनिमा बघायचो. शेवटी व्हिलनला मार बसला की गुणा उठून टाळ्या वाजवायची. लोक म्हणायचे, बस की खाली बाई. ती काय बसायची न्हाई. तिच्या घरी तसला शेवट कधी आलाच न्हाई ना."

आत पुनम उभी होती, ती पुढं आली नाही. साखरेचं ऐकून मला सिंधुचा चहा आठवला. मी इतका वेळ म्हातारीची गंमत बघायला आल्यासारखा बसलो होतो, आणि परतीच्या गाडीत शिवमला सांगायला वाक्यंसुद्धा जुळवत होतो.

"अव्वा," मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तर मी ते काम सोडतो."

"सोडू नका. मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "घरी येऊन काय कळणार? घरात पाव्हण्यांपुढं सगळीच देवमाणसं. तुम्ही कुणाला मारताना कसे असता, ते बघते."

म्हणून पुढच्या शूटिंगला लातूरहून गाडी आली. गुरुबसप्पा, पुनम आणि धुरपताबाई. महालिंगही सुट्टी काढून आला. शूटिंग गावाबाहेरच्या एका शेतात होतं. कडुलिंबाखाली म्हातारीसाठी प्लास्टिकची खुर्ची टाकली. शिवमनं त्या दिवशीचा प्रसंग सांगितला. नागोरावानं नायिकेला मनगट धरून घरातून ओढत आणायचं आणि थोबाडीत मारायची. मग हिरो येणार आणि मला मारणार.

"दुसरा प्रसंग न्हाई का?" मी हळूच विचारलं. "मी म्हशीला वैरण घालतोय, असा?"

"व्हिलन वैरण घालत न्हाई, अप्पा."

माझ्या मनात दोन विचार होते, आणि दोन्ही मला शोभणारे नव्हते. काम चांगलं केलं तर सून जाणार. वाईट केलं तर नाव जाणार. खूप विचार करून मी ठरवलं, की मुद्दाम वाईट काम करायचं. तशी काही गरज नव्हती हे पाच मिनिटांत कळलं.

नायिका वर्षाराणी. कॉलेजात शिकते, आवाज खणखणीत. मी तिचं मनगट धरलं.

"अप्पा, ओढा की," ती कुजबुजली.

"ओढतोय."

"कुठं ओढताय? मीच चालत चाललेय."

शेवटी तिनंच मला ओढत अंगणात आणलं आणि वर "सोडा मला!" असंही ओरडली. मग थोबाडीत. मी हात उगारला. हात वर गेला आणि तिथंच राहिला. मग तो तिच्या गालाजवळ नेता नेता मी विचारून बसलो, "लागलं का बाई?"

"कट!" शिवम ओरडला. "अप्पा, आधी मारा, मग विचारा! न्हाई, विचारूच नका!"

पुन्हा तेच. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी माझा हात जवळ जायचा आणि मी क्षमा मागायचो. शेवटी वर्षाराणी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अप्पा, उद्या माझा पेपर हाय. मारा आन् मोकळं करा." तरी जमेना. इतके दिवस शिवम हे असलं सगळं काटछाट करून, आवाज मागून टाकून निभावून नेत होता, हे त्या दिवशी सगळ्या लातूरकरांना दिसलं. गालाला हात न लावता मी नुसता हवेत फिरवला, मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि वर्षाराणी आपली आपण पडली. मी लगेच तिला उठवायला वाकलो. तेही चित्रात आलं.

लिंबाखाली धुरपताबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. हसतायत की रागावल्यात, कळेना.

मग हिरो आला. बालाजी, जिममध्ये जाणारा, दंड दाखवायची हौस असलेला पोरगा. आमच्यात ठरलेलं असायचं: त्याची मूठ माझ्या जबड्याच्या वीतभर आधी थांबणार आणि मी आपणहून मागं पडणार. पण त्या दिवशी पाहुणे बघत होते. पोराला चेव चढला. मूठ थांबली नाही.

मी मागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात गेलो. कापसाच्या वाळल्या काड्या कुठं कुठं टोचल्या ते सांगत नाही. तोंडात रक्ताची चव आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"लई भारी अप्पा!" शिवम ओरडला. "हलू नका, असंच पडा!"

मी असाच पडलो होतो. दुसरं काही करता येत नव्हतं. बालाजी आवेशात पुढचा ठोसा द्यायला आला, आणि तेवढ्यात लिंबाखालून धुरपताबाई उठल्या. त्या वयाच्या बाईला मी कधी तसं पळताना पाहिलं नाही. पायातली चप्पल हातात आली होती. पहिली पाठीत बसली, दुसरी त्या दंडावर.

"म्हाताऱ्या माणसाला मारतो व्हय रे मुडद्या! रक्त दिसंना का तुला?"

"आजी, मी हिरो हाय!" बालाजी ओरडत पळाला.

"हिरो असशील तुझ्या घरी!"

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. दाताचं दुखणं चार दिवसांत गेलं, 'म्हातारा' अजून दुखतो.

महालिंगनं आणि पुनमनं मिळून मला ढिगातून काढलं. पुनमनं ओढणी ओली करून माझ्या ओठाला लावली. धुरपताबाई दम टाकत माझ्यासमोर बसल्या.

"पाव्हणे," त्या म्हणाल्या, "तुमच्यात बिल्कुल जोर न्हाई."

"हाव, अव्वा," मी म्हणालो. सगळं गाव ऐकत होतं.

"तुमच्या हातून कुणाला मार बसणार न्हाई, ते बघितलं मी. पर नुसता जोर नसून चालत न्हाई. गुणाच्या सासूत बी जोर नव्हता. चांगली होती बाई. सगळं बघत गप बसायची, आन् नंतर हळद लावायला यायची." त्यांनी महालिंगकडं बोट केलं. "उद्या तुमच्या ह्या पोरानं माझ्या पोरीवर हात उगारला तर तुम्ही काय करणार? लागलं का, विचारणार?"

महालिंग काही बोलायला गेला. त्यांनी त्याला हातानंच गप्प केलं. त्यांना माझंच ऐकायचं होतं.

मी खरंच विचार केला. आयुष्यात मी कधी कुणाला आडवं गेलो नव्हतो. टेम्पो हलवायलासुद्धा मला काळा चष्मा लागला होता. खोटा शब्द द्यायचं मन होईना, आणि खरा काय आहे ते मलाच माहीत नव्हतं.

"मी मधी पडेन, अव्वा," शेवटी म्हणालो.

म्हातारीनं मोडलेल्या पऱ्हाट्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"पडाल," त्या म्हणाल्या. "पडाल हे तर दिसलंच." आणि पुनमकडं वळून म्हणाल्या, "मला चालतंय. तुझं तू बघ."

"माझं कवाच बघून झालंय, अव्वा," पुनम म्हणाली.

सोयरीक ठरली. पण कॅमेरा चालूच राहिला होता हे शिवमनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो तुकडा लावू नको म्हणून मी हात जोडले, धुरपताबाईंनी मात्र फोनवरून सांगून टाकलं, "लाव की. माझं काय वाईट केलंय मी?" त्या चप्पलवाल्या तुकड्याला जेवढे बघणारे मिळाले, तेवढे नागोरावाच्या सगळ्या भागांना मिळून मिळाले नव्हते. लोकांना हिरो नको होता, व्हिलन नको होता. आजी हवी होती. शिवम पेढे घेऊन आजीला मालिकेत काम द्यायला लातूरला गेला आणि मालिका तिकडंच वळली. पुढच्या भागात नागोराव जीपसकट खोल दरीत पडला. देगलूरच्या आसपास दरी नाही, हे मी त्याला सांगून बघितलं.

लग्न लातूरला झालं. मी मोतीया रंगाचा कोट घातला होता, मिशांना तेल लावलं होतं, कुणी ओळखलं तर काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं. अक्षता पडल्यावर पोरीबाळींचा एक घोळका माझ्याच दिशेनं धावत आला. मी भुवई वर केली. एकच.

"काका," त्यातली एक म्हणाली, "जरा सरकता का? मागं आजी आहेत."

मी सरकलो. तिनं फोन माझ्या हातात दिला, सगळ्या जणी धुरपताबाईंना खेटून उभ्या राहिल्या. आजी तोऱ्यात बसल्या होत्या. मी दोन पावलं मागं गेलो, एक डोळा मिटला आणि फोटो काढला.

"काका, हलला," पोरगी म्हणाली. "परत काढा ना."